केतारीची चाल

ऋतुजाला एका जागी बसवणं शाळेतल्या बाईंना जमलं नाही, कॉलेजला जमलं नाही, आणि लग्न झालं की बसेल म्हणणाऱ्यांना तर तिनं दारातूनच परत पाठवलं. पायाला भिंगरी लावूनच जन्मलेली पोर. फोनवर बोलेल तर चालत, चहा पिईल तर चालत, भांडायचं असेल तर आधी चपला घालेल. अशा बाईनं पोटासाठी कोणता धंदा निवडावा? दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांना चालवण्याचा.

दुसऱ्यांना म्हणजे खरं तर एकीलाच. सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडे एका चादरीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, गुरुराजचा छोटासा अॅनिमेशन स्टुडिओ आहे. गुरुराज अक्कलकोटचा. खुशीत असला की निम्मं मराठी निम्मं कन्नड बोलतो, आणि चिडला की मराठीला सुट्टी देतो. परदेशातल्या मोठ्या गेम कंपन्या आपल्या कामाचे तुकडे जगभर वाटतात. कुणाला झाडं, कुणाला घोडे, कुणाला ढाली-तलवारी. गुरुराजच्या वाट्याला एक पक्षीण आली. तिचं नाव केतारी.

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना केतारी सांगावी लागत नाही. न खेळणाऱ्यांसाठी सांगायचं तर, एका जुन्या गेममालिकेतली ती पुराणपक्षीण. दर भागात राज्य नवं, राक्षस नवे, नायकही नवा. केतारी मात्र तीच. माणसाहून उंच, विटकरी पिसांची, जळून गेलेल्या मुलखात एकटी फिरणारी. उडते फक्त शेवटी आणि एकदाच. बाकी सगळा खेळभर चालते. तिला हाक मारता येत नाही, धरता येत नाही. खेळणाऱ्यानं बटणांवरचे हात काढून गप उभं राहायचं, मग तिच्या मनात आलं तर ती जवळ येते. ऋतुजानं हौसेनं तीनदा खेळ लावला आणि तिन्ही वेळा केतारी तिच्याकडे फिरकली नाही. हिचे हात बटणांवरून निघतील तर ना. ऑफिसात या पुराणपक्षिणीला सगळे कोंबडी म्हणत. ‘कोंबडी पाठवली का?’ ‘कोंबडीचा डावा पाय बघा जरा.’

मालिकेच्या तिसऱ्या भागाच्या वेळी केतारीला चालवायचं काम प्रथम ऋतुजाकडे आलं. तिनं शहामृग पाहिले, बगळे पाहिले, गल्लीतल्या कोंबड्यांच्या मागे मोबाइल घेऊन धावली. परदेशातून प्रत्येक वेळी एकच उत्तर यायचं, की चाल चांगली आहे, पण कुठल्याही पक्ष्याची आहे. त्याच सुमारास ती दोन दिवस गावी गेली. गाव मंगळवेढ्याच्या पुढं, चहूकडे काळी जमीन आणि ज्वारी. रानात आई कणसं बघत फिरत होती, आणि ऋतुजा बांधावर बसून, म्हणजे बांधावर येरझाऱ्या घालत, तिच्याकडे बघत होती.

तिकडची काळी जमीन थंडी सरत आली की वाळते आणि तडकते. भेगा अशा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. ज्वारीच्या दाट ताटांमध्ये त्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून त्या रानातल्या बाया पाऊल उचलून टाकत नाहीत. पाऊल जमिनीलगत पुढं सरकवतात, अंगठ्यानं चाचपतात, खाली काही आहे अशी खात्री झाली की मग अंगाचा भार देतात. क्षणभर पाऊल पुढं आणि बाई मागं, असं दिसतं. ऋतुजाची आई गोजरबाई जन्मभर अशी चालली होती आणि आता मंगळवेढ्याच्या बाजारात डांबरावरही तशीच चालायची.

ऋतुजानं ती चाल केतारीला दिली. आणि केतारी अशी काही चालली की दूरदूरच्या देशांतली पोरं तिच्यासारखं चालून आपले व्हिडिओ टाकू लागली. गुरुराजनं सगळ्यांना शेंगाचटणी-भाकरीची पंगत दिली. फक्त जिची चाल तिला काही कळलं नाही. आता सांगायचं तरी काय? आई, तुझी कोंबडी झाली, म्हणून?

मग ऋतुजाचे वडील, जोतीराम, गेले. ऋतुजा एकुलती. तिनं रान भावकीतल्या भीमाकडे वाट्यानं दिलं आणि आईला जुळे सोलापुरातल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. आईनं नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, “ज्वारीच्या दिसात मला न्हेऊन सोड, म्हंजी झालं.” ऋतुजा हो म्हणाली. पहिल्या वर्षी ज्वारीच्या दिवसांत तिच्याकडे काम जास्त होतं. तिच्याकडे काम कधीच कमी नसतं.

आणि भेगा चाचपणारी ती चाल फ्लॅटच्या फरशीवर उलटली. जमिनीलगत सरकणारं पाऊल काळ्या रानात माणसाला वाचवतं. ओल्या गुळगुळीत फरशीवर तेच पाऊल माणसाला घेऊन जातं. पावसाळ्यात एक दिवस गोजरबाई बाथरूमच्या दारात पडली. मनगट मोडलं. ऋतुजा संध्याकाळी घरी आली तेव्हा आई दिवाणावर बसलेली, हात ओच्यात धरून. “आत्ताच पडले,” म्हणाली. प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात आई कुणाला न सांगता जिना उतरली आणि मंगळवेढ्याची एसटी कुठं थांबते ते विचारत विजापूर रोडपर्यंत गेली. एका दुचाकीनं तिला जवळजवळ उडवलंच होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या शिवम्माच्या नवऱ्यानं ओळखलं आणि रिक्षात घालून परत आणलं.

त्या दिवशी ऋतुजाच्या काळजाचं जे पाणी झालं ते पुन्हा काही गोठलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जाताना ती बाहेरून कुलूप लावू लागली. दुसरी किल्ली शिवम्माकडे ठेवली. हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक छोटा कॅमेरा बसवला, म्हणजे ऑफिसातून मोबाइलवर आई दिसावी.

“कुलूप कशापायी लावतीस गं?” गोजरबाईनं विचारलं. “मी काय शेरडू हाय व्हय?”

“तसं नाही आई. मला तिकडं काम सुचत नाही. जिवाला घोर लागतो.”

“तुज्या जिवाला घोर, आन् कुलूप मला.”

ऋतुजा हसली. आई बोलायला पहिल्यापासूनच तिखट. हसण्यावारी नेलं की गोष्ट संपते, असं तिला वाटलं.

शिवम्मालाही ते बरंच वाटलं. “छलो केलीस,” ती म्हणाली, “म्हातारं माणूस, कुठं जाऊन पडलं तर कोण बघणार? कुलूप असलं की निश्चिंती की.” ऋतुजाला निश्चिंती काही मिळाली नाही. दर थोड्या वेळानं ती मोबाइल काढायची, आई दिसली की ठेवायची, ठेवला की पुन्हा काढायची.

या सगळ्यात केतारीचा पाचवा भाग आला. आणि या भागात मालिकेच्या लेखकांनी एक भलताच घाट घातला होता. एका राणीला केतारी जखमी सापडते. राणी तिला महालात आणते, बरी करते, संगमरवरी अंगणात ठेवते, चांदीच्या ताटात दाणे घालते. राणी दुष्ट नाही. तिचा जीव आहे केतारीवर, आणि म्हणूनच ती तिला सोडत नाही. खेळणारा पहिल्यांदा अंगणात डोकावतो तेव्हा केतारी फेऱ्या घालत असते. ते दृश्य लहानसंच, पण अख्खा भाग त्याच्यावर उभा. फेऱ्या बघूनच खेळणाऱ्याला कळलं पाहिजे की हिला इथून काढायचंय.

ऋतुजानं फेऱ्या करून पाठवल्या. उत्तर आलं, ही फिरायला निघाल्यासारखी वाटते. तिनं मान अस्वस्थ केली, पंख फडफडवले, भिंतीवर चोच मारायला लावली. उत्तर आलं, आता ही नुकतीच धरून आणल्यासारखी वाटते, आणि आम्हाला हवी ती कितीतरी दिवसांची कोंडलेली. ऋतुजा स्टुडिओच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत स्वतः फेऱ्या घालून बघू लागली. बाकीच्यांना घेरी यायची वेळ आली.

“तू नको गं फिरूस,” गुरुराज कपाळाला हात लावून म्हणाला, “तिला फिरव की.”

घरी गोजरबाईनं एकच विषय लावून धरला होता. संक्रांत तोंडावर होती, जत्रेसाठी गड्ड्यावर पाळणे उभे राहायला लागले होते, आणि तिच्या हिशेबानं ज्वारी निसवून दाण्यात आली असणार होती.

“भीमाचा फोन आलता काय?”

“आला होता. ज्वारी झकास आहे म्हणाला.”

“पाखरं लई असत्याल. त्यो काय राखण करतोय? पडून ऱ्हातोय हितं तितं.” मग थोडं थांबून, “कदी न्हेतीस?”

“हे काम संपू दे. कोंबडी गेली की लगेच.”

“तुजी कोंबडी काय अंडं देईना झालीय.”

काम संपत नव्हतं ही गोष्ट खरी होती. पण ऋतुजाच्या मनात दुसरंही होतं, आणि ते ती आईला सांगत नव्हती. गावात दवाखाना लांब, घर रानाच्या कडेला, आई एकटी. एकदा तिकडं सोडली की परत येणार नाही. पडली तर कळणारसुद्धा नाही. काम संपलं असतं तर तिनं दुसरं काढलं असतं.

एका दुपारी, केतारीच्या फेऱ्या पुन्हा एकदा परत आल्यावर, ऋतुजानं सवयीनं मोबाइल काढला. हॉलमध्ये आई चालत होती. नेहमी ती आई दिसली की मोबाइल ठेवायची. त्या दिवशी हात तसाच राहिला.

गोजरबाई बाल्कनीच्या जाळीपासून निघायची. पाऊल पुढं, बाई मागं, तीच चाल. दिवाणाला वळसा घालून दाराकडे. पण ती दारापर्यंत जात नव्हती. वीतभर अलीकडेच वळायची. दाराला हात लावत नव्हती, दाराकडे बघतसुद्धा नव्हती. जणू तिथं दार नव्हतंच, तिची जमीनच तेवढी होती. परत जाळीकडे. आणि दर फेरीत, टीव्हीच्या समोर आली की, एक हात वर जायचा आणि मान जराशी खाली व्हायची. चित्र बारीक, धुरकट. घाम पुसत असेल, केस सारखे करत असेल. पण मान मात्र न चुकता त्याच जागी वाकायची. पुढं गेली की परत वर.

इथं ऋतुजाला आई दिसायला हवी होती. तिला केतारी दिसली. तिच्या अंगावर आनंदाचा काटा आला, हे खरं आहे आणि ते लपवून उपयोग नाही. इतके दिवस जे सापडत नव्हतं ते घरातच होतं, काखेत कळसा म्हणतात तसं. तिनं मागच्या काही दिवसांचं रेकॉर्डिंग काढून बघितलं. सगळ्या दुपारी तेच. तिनं ते समोर लावलं आणि पाऊल न् पाऊल उतरवून काढलं. वीतभर अलीकडचं वळण घेतलं. न बघणं घेतलं. केतारीला हात नाहीत म्हणून हात सोडला, पण मान घेतली. ती का वाकते हे ऋतुजाला माहीत नव्हतं. बघायला फार बरोबर वाटत होतं एवढंच. त्या दिवसांत ती खुर्चीतून उठली नाही. ऑफिसातले लोक एकमेकांना खुणा करून दाखवत होते, की बाई बसली.

फेऱ्या गेल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं आणि ते गुरुराजनं सगळ्यांना उभं करून मोठ्यानं वाचून दाखवलं. या पक्षिणीवर आजवर झालेलं हे सर्वांत उत्तम काम आहे. बघताना आमच्यातले दोघं उठून बाहेर गेले. दोनच प्रश्न आहेत. तुम्ही हे कोणत्या प्राणिसंग्रहालयात टिपलं? आणि त्या एका जागी ती दर वेळी मान का खाली घालते, तिथं काय आहे? आम्हाला ते कथेत वापरायचं आहे.

टाळ्या पडल्या. कुणीतरी भजी आणायला पळालं. “सांग की,” गुरुराज खुशीनं म्हणाला, “कुठला झू? कात्रजला जाऊन आलीस का, मला न सांगता?”

ऋतुजा प्राणिसंग्रहालय या शब्दापाशीच अडली होती. आपली आई आपण रोज बघत होतो, दिवसातून कितीदा, आणि तिकडं सातासमुद्रापार बसलेल्या, तिला कधी न पाहिलेल्या माणसांना जे एका नजरेत दिसलं ते आपल्याला दिसलं नाही. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की भज्यांचा वाससुद्धा नकोसा झाला. तिनं चपला घातल्या आणि भर दुपारी घरी निघाली.

कुलूप काढून आत आली तर गोजरबाई हॉलच्या मधोमध उभी.

“आज लवकर आलीस? बरं हाय न्हवं?”

“बरं आहे. आई, तुला एक विचारू? तू फेऱ्या घालतेस ना, तेव्हा हितं टीव्हीपाशी आलीस की मान का खाली घालतेस?”

गोजरबाई जरा ओशाळली. “मान कुटं? पदर घेते डोईवर.”

“कशाला? घरात कोण आहे?”

“त्यो डोळा हाय की.” तिनं कॅमेऱ्याकडे नुसती हनुवटी केली, बोट दाखवलं नाही. “तूच म्हनलीस, आई, तू मला हापिसातनं दिसतीस. आता हापिसात तू एकटी आसतीस व्हय? तुजं सायेब आसत्याल, चार गडीमानसं आसत्याल मागं हुबी. त्येंच्याम्होरनं बोडक्या डोईनं कसं जावं?”

ऋतुजानं वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. एवढे महिने ही बाई स्वतःच्या लेकीच्या घरात परक्या पुरुषांसमोरून ये-जा करत होती. नसलेल्या पुरुषांसमोरून. आणि लेकीनं काय केलं? ते नसलेले पुरुष खरे केले. तिनं स्वतःच्या हातानं आईचा तो संकोच उचलून ऑफिसला दाखवला, परदेशाला दाखवला, आणि आता तो घरोघरी पडद्यावर दिसणार होता.

“आई, कुणी बघत नव्हतं गं. मी एकटीच बघायची.”

“मग सांगायचं न्हाय व्हय आदी,” गोजरबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर ऋतुजाला सोसला असता.

तिनं स्टुलावर चढून कॅमेरा काढला. मग दार सताड उघडलं आणि त्याला पाट लावून ठेवला. समोर शिवम्माच्या दारातली रांगोळी दिसत होती, जिन्यातून वारा येत होता. “चल,” ती म्हणाली, “आधी खाली जाऊन येऊ. मग तुझे कपडे भरू. उद्या सकाळच्या गाडीनं गावी.”

“उद्या?”

“उद्या.”

गोजरबाईनं तिच्याकडे खूप वेळ पाहिलं, विश्वास ठेवावा की नाही अशा नजरेनं. मग पदर खोचला आणि दाराकडे निघाली. पाऊल पुढं, बाई मागं. दार समोर उघडं होतं. ती वीतभर अलीकडे पोचली आणि वळली. जाळीकडे चालू लागली.

“आई,” ऋतुजा म्हणाली.

“आं? काय झालं? रडतीस कशापायी?”

आपण दारातून वळलो हे गोजरबाईला स्वतःला कळलंच नव्हतं. ऋतुजानं तिचा हात धरला, मोडून जुळलेल्या मनगटाला जपून, आणि तिला उंबऱ्याबाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्यापासून पुढं भीमाची गाडी आली होती. घर झाडून ठेवलेलं होतं. गोजरबाई घरात शिरलीच नाही. पिशवी ओट्यावर टाकली आणि सरळ रानात गेली. भीमाची बायको भाकरी टाकते म्हणाली, कुणी ऐकलं नाही. ऋतुजानं भीमाला दवाखान्याचा नंबर दिला, आईच्या फोनमध्ये पैसे भरले, फोन कमरेला ठेव म्हणून चारदा बजावलं. संध्याकाळच्या गाडीनं ती परत आली, कारण थांबली असती तर आईला बरोबर घेऊनच आली असती.

ऑफिसात तिनं गुरुराजला एकट्याला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, की ती मान काढून टाकायची आहे.

“आता? अगं तेच त्यांना सगळ्यात आवडलंय. पुढं गेलं ते. संगीतसुद्धा बसवायला घेतलंय म्हणे.”

“सर, ती माझी आई आहे.”

गुरुराजला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा तो वळला. आत गेला आणि परदेशात फोन लावला. बराच वेळ बोलून बाहेर आला. चेहऱ्यावरूनच उत्तर कळलं. कंपनीनं फार आदरानं नाही म्हटलं होतं. मात्र मान का वाकते याचं उत्तर त्यांना अजून हवं होतं. ऋतुजानं एका ओळीत कळवलं, की तिला वाटतं कुणीतरी बघतंय. त्यावर तिकडून आलेलं पत्र मागच्यापेक्षाही जास्त स्तुतीचं होतं. तिनं ते पूर्ण वाचलं नाही.

आणि आता घरी आल्यावर बघायला कुणी नव्हतं. ऋतुजाला वाटलं होतं, आई सुटली की आपणही सुटू. झालं उलटंच. आधी निदान मोबाइल काढला की आई दिसायची. आता फोन लावला की तो नुसता वाजत राहायचा, कारण गोजरबाईनं तो कमरेला न लावता खुंटीला लावला होता. दोन दिवसांनी एकदा उचलायची. “काय गं? रानात हाय,” एवढं बोलून ठेवायची. ऋतुजा फ्लॅटमध्ये चालायची, गच्चीवर चालायची, सकाळी होटगी रोडला लांबवर चालून यायची. आई आता कुठं असेल, पाऊल नीट पडत असेल का, हा एकच धोशा. बरोबर केलं की चूक केली, हे सांगणारं कुणी नव्हतं. शिवम्मानं तर सांगितलंच, “म्हातारीला असं एकटं टाकून यायचं नसतं बघ.”

रविवारी सकाळी भीमाचा फोन आला.

“ताई, घाबरू नगा आदी. काकी जरा पडल्या. भेगंत पाय गेला. डाक्टरला दावलंय, हाड शाबूत हाय. सूज हाय लई.”

ऋतुजानं पुढचं ऐकलंच नाही. आईचे कपडे भरून आणायला मोठी रिकामी पिशवी खुंटीवरून ओढली, चपला घातल्या, फोन कानाला तसाच ठेवून जिना उतरायला लागली. “निघालेच मी. दुपारपर्यंत पोचते. तिचं सामान काढून ठेवा, संध्याकाळी आम्ही परत फिरतो. माझीच चूक झाली, मी सोडायलाच नको होतं.”

पलीकडे काहीतरी खुडबुड झाली. “दे हिकडं,” असा आवाज आला, आणि मग गोजरबाई फोनवर आली.

“कोन निगालंय?”

“मी. तुला न्यायला.”

“ऐक,” गोजरबाई म्हणाली. “पडले. खोटं कशाला सांगू? पडले, तितंच बसले. हाताला ईल तेवढी कणसं खुडली, मग भीमाला हाळी मारली. त्यो आला, उचलून न्हेलं. झालं.”

“आई, पण—”

“तुज्या घरात पडले हुते न्हवं पावसाळ्यात? तुला म्हनले, आत्ताच पडले. सकाळी तू गेलीस तवाच पडले हुते. दिसभर वर बगत पडून हुते मी. दुपार कलल्यावर सरकत सरकत दिवान गाठला. तितं हाळी मारून बी कुनाला ऐकू गेलं न्हाय.”

ऋतुजा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबली.

“हुरडा आलाय,” आई म्हणाली. “खायाला येनार आसशील तर ये. न्यायाला येनार आसशील तर येऊ नगंस.”

फोन बंद झाला. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. ऋतुजा वर गेली, दार उघडलं, पिशवी परत खुंटीला अडकवली आणि मोकळ्या हातांनी मंगळवेढ्याची गाडी धरायला निघाली.